शके १५९६, सुहूर सन १०७५, फसली १०८४ आणि इसवी १६७४: राज्याभिषेकाचं एकच साल

रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा दरवर्षी दोनदा होतो, एकदा ६ जूनला आणि एकदा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, आणि त्या आसपास आमच्या सगळ्या ग्रुपवर तोच वाद पेटतो, तारीख खरी की तिथी खरी. मला मोडी वाचता येते हे ओळखीत माहितीये म्हणून लोक मला विचारतात, आणि मी प्रत्येकाला तुकड्या तुकड्यात उत्तर देत बसतो. म्हटलं आता एकदाच सगळं सलग लिहून काढू, लांबलं तर लांबू दे. कारण हा वाद मुळात तारीख विरुद्ध तिथी एवढ्यापुरता नाहीचे. ज्या पहाटे महाराज सिंहासनावर बसले त्या पहाटे नुसत्या आपल्या भागात आणि शेजारीपाजारी सात-आठ कालगणना एकाच वेळी चालू होत्या आणि प्रत्येकीत त्या सालाचा आकडा वेगळा होता.

आधी सगळे आकडे सांगून टाकतो. आपल्या पंचांगात शालिवाहन शके १५९६, आनंदनाम संवत्सर. सुरतेच्या गुजराती व्यापाऱ्याच्या वहीत विक्रम संवत १७३०, कारण त्यांचं साल दिवाळीनंतर कार्तिकात बदलतं, पण त्याच दिवशी काशीला मात्र संवत १७३१ लागलेला, तिथं साल चैत्रात बदलतं. विजापूरच्या दरबारात हिजरी १०८५. मराठी दप्तरात सुहूर सन १०७५. मुघलांच्या दख्खनच्या महसुलात फसली १०८४. औरंगजेबाच्या कागदांवर त्याच्या राज्याचं, म्हणजे जुलूसाचं १७वं वर्ष. सुरतेच्या पारशांचं यज्दगर्दी १०४३. मुंबईच्या इंग्रजांचं १६७४ आणि गोव्याच्या पोर्तुगीजांचंही १६७४, पण त्या दोघांचा दिवस जुळत नव्हता, त्यावर येतोच. आणि त्या पहाटेपासून यात आणखी एका गणनेची भर पडली, राज्याभिषेक शक १.

एवढ्या सगळ्यांत चूक कोणाचं? कोणाचंच नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते आणि हीच लोकांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आता दिवसाकडे येऊ. जेधे शकावली नावाचं एक जुनं टिपण आहे, भोरकडच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातलं, लोकमान्य टिळकांनी ते उजेडात आणलं. त्यातली राज्याभिषेकाची नोंद साधारण अशी आहे: शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवार, घटी २१ पळे ३४, आणि तीन घटी रात्र उरली तेव्हा राजे सिंहासनी बसले. पहिल्यांदा वाचणारा इथंच थांबतो. आपण त्रयोदशी म्हणतो आणि इथं तर द्वादशी लिहिलीये, शिवाय ६ जून १६७४ ला शनिवार होता असं पुस्तकं सांगतात आणि इथं शुक्रवार. मग लगेच कोणीतरी म्हणतं की जेध्यांचा कारकून चुकला. चुकला नाही हो, त्यानं जेवढं बारकाईनं लिहिलंय तेवढं आपण आज लिहीत नाही.

बघा, आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयाला संपतो. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या अख्ख्या दिवसाची तिथी म्हणायची. त्या शुक्रवारी सूर्य उगवला तेव्हा द्वादशी होती म्हणून दिवस द्वादशीचा. पण ती द्वादशी २१ घटी ३४ पळांनी संपली, घटी म्हणजे २४ मिनिटं, तेव्हा हिशेब केला तर सूर्योदयानंतर साधारण साडेआठ तासांनी, म्हणजे दुपारी अडीचच्या सुमारास, त्रयोदशी लागली. सिंहासनारोहण झालं ते तीन घटी रात्र उरलेली असताना, म्हणजे पुढच्या सूर्योदयाच्या सव्वा तास आधी. त्या क्षणाला तिथी चालू होती त्रयोदशी, पण नवा सूर्य उगवायचा होता म्हणून वार अजून शुक्रवारच, आणि इंग्रजांचा दिवस मध्यरात्री बदलतो म्हणून त्यांच्यासाठी शनिवार उजाडून चार-पाच तास झालेले. हिजरी दिवस तर सूर्यास्तालाच बदलतो, त्यांच्या हिशेबानं शनिवार आदल्या संध्याकाळीच लागलेला. एकच पहाट आहे, एकच सिंहासन आहे. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन सकाळी सात-आठच्या सुमारास दरबारात गेला तोवर सूर्य वर आला होता, त्यामुळे त्या वेळी मात्र सगळ्यांचाच शनिवार होता.

ऑक्झिंडननं लिहिलेली तारीख ६ जून, आणि आपण आज जी ६ जून साजरी करतो ती या इंग्रजी पद्धतीतली. पण इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते. ज्युलियस सीझरच्या त्या कॅलेंडरमध्ये वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचं धरलेलं, खरं सौर वर्ष त्याहून ११ मिनिटांनी लहान, आणि ही ११ मिनिटं शतकानुशतकं साचत साचत दहा दिवसांचा फरक झाला. १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरींनी तो काढून टाकला, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर. पोर्तुगाल, स्पेन, इटली या कॅथलिक देशांनी लगेच ऐकलं. इंग्लंड प्रॉटेस्टंट, त्यांनी पोपचं ऐकायला १७० वर्षं लावली, १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर करून मोकळे झाले, तोपर्यंत फरक ११ दिवसांचा झालेला.

याचा आपल्याकडचा परिणाम डोळ्यासमोर आणून बघा. १६७४ साली माहीम इंग्रजांकडे आणि खाडीपलीकडचं वांद्रे पोर्तुगीजांकडे. मधे फक्त माहीमची खाडी. माहीमला ६ जून असताना वांद्र्याला १६ जून! होडीनं पलीकडे गेलं की दहा दिवस पुढं. तशीच वसई, तसाच गोवा. मग पोर्तुगीज कागदात एखादी तारीख सापडली आणि इंग्रजी कागदात दुसरी, तर घटना दोन नसतात, बऱ्याचदा एकच असते, आधी दहा दिवस वजा करून बघायचे.

अजून एक भानगड आहे इंग्रजांच्या सालात. तेव्हा त्यांचं नवं वर्ष १ जानेवारीला नाही तर २५ मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी, फेब्रुवारी आणि बहुतेक सगळा मार्च हे महिने आदल्या सालात मोजले जायचे. आता शिवजयंती घ्या. जेधे शकावलीतच नोंद आहे, शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. त्याची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. पण त्या दिवशी सुरतेच्या वखारीत बसलेल्या इंग्रज कारकुनानं वहीत साल घातलं असतं १६२९, कारण त्याचं १६३० यायला अजून महिनाभर होता. त्याच दिवशी गोव्यात मात्र १ मार्च १६३०. म्हणून त्या काळातले इंग्रजी कागद वाचताना काही जण १६२९/३० असं दोन्ही लिहितात, तो गोंधळ नसतो, ती काळजी असते.

ऑनलाइन कॅलेंडरवाल्यांनी इथं जपून राहावं. बऱ्याच वेबसाइटवर तुम्ही ६ जून १६७४ टाकलं की ते सरळ ग्रेगोरियन धरतात आणि वार दाखवतात बुधवार. मग स्क्रीनशॉट फिरतो, इतिहासकारांनी फसवलं म्हणून. १९ फेब्रुवारी १६३० टाकलं तर मंगळवार येतो. दोन्ही वेळा दहा दिवस पुढचं टाकून बघा, १६ जून १६७४ टाका, शनिवार येईल, १ मार्च १६३० टाका, शुक्रवार येईल, म्हणजे शकावलीशी बरोब्बर जुळेल.

मला विचाराल तर या सगळ्या पसाऱ्यात खरा साक्षीदार आहे वार. साल वेगळं, महिना वेगळा, दिवसाचा आकडा वेगळा, पण सात वारांचं चक्र हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांचं एकच आणि ते कधी तुटलेलं नाही. पोपनी दहा दिवस उडवले तेव्हाही गुरुवारनंतर शुक्रवारच आला, इंग्रजांनी ११ उडवले तेव्हाही बुधवारनंतर गुरुवारच. त्यामुळे जुन्या कागदावर तिथीबरोबर वार असेल तर तो सोन्यासारखा जपायचा. राज्याभिषेकानंतर ११ दिवसांनी पाचाडला जिजाऊ मासाहेब गेल्या, ज्येष्ठ वद्य नवमी, बुधवार. शनिवारपासून ११ दिवस मोजा, बुधवारच येतो. त्रयोदशीपासून पौर्णिमेला दोन दिवस आणि पुढं वद्य नवमीपर्यंत नऊ, तेही ११. दोन्ही बाजूंनी हिशेब मिळाला की मनाला जे समाधान मिळतं ते सांगून कळणार नाही, स्वतः एकदा करून बघा.

जिजाऊंच्या तिथीवरून आठवलं, गागाभट्ट काशीचे, घराणं मूळचं पैठणचं. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात काही फरक पडत नाही, त्यामुळे राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी काशीलाही ज्येष्ठातच. पण वद्य पक्ष आला की उत्तरेत पुढचा महिना लागलेला असतो. म्हणजे आपली ज्येष्ठ वद्य नवमी काशीच्या पंचांगात आषाढ कृष्ण नवमी, आणि महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया तिकडं चैत्र कृष्ण तृतीया. इतकंच काय, संवत्सराचं नावही वेगळं. आपण दक्षिणेत साठ नावं एकामागून एक ओळीनं घेतो, उत्तरेत गुरू ग्रहाच्या चालीवर मोजतात आणि ८५-८६ वर्षांनी एक नाव गाळतात, त्यामुळे आपलं आनंदनाम संवत्सर काशीत त्या वर्षी आनंद नव्हतंच. (साठ वर्षांचं चक्र चिनी लोकांचंही आहे, त्यांच्याकडे ते वाघाचं साल होतं आणि खांगशी बादशहाचं १३वं वर्ष. हे फक्त जाता जाता.)

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग, सुहूर सन. मोडी कागद वाचायला लागलं की पहिल्या आठवड्यातच हा समोर येतो आणि नवखा माणूस घाबरतो, कारण आकडे नसतात, अरबी शब्द असतात. राज्याभिषेकाचं साल म्हणजे "खमस सबैन व अलफ". खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार, झाले १०७५. एकं आधी, दहं नंतर, मग शेकडा आणि हजार. पानिपतच्या सालचे कागद बघा, "इहिदे सितैन मया व अलफ", एक, साठ, शंभर, हजार, ११६१. वीस-पंचवीस शब्द पाठ केले की संपलं. यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

हो, मृगापासून. हे साल मृग नक्षत्र लागलं की बदलतं, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. साल हिजरीचं, आकडे अरबी, पण सुरुवात आपल्या कुणब्याच्या मृगाला! याचं कारण साधं आहे. हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ दिवसांचं, आणि त्यात आपल्यासारखा अधिक महिना टाकत नाहीत, त्यामुळे ते दरवर्षी ११ दिवसांनी मागं सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतं. पीक मात्र सूर्यावर येतं. साधारण ३३ पिकं निघतात तेवढ्यात हिजरीची ३४ वर्षं होतात, मग सारा हिजरी सालावर घ्यायचा म्हटला तर शेतकऱ्यानं एका सालाचा सारा नसलेल्या पिकावर द्यायचा. म्हणून दख्खनमध्ये हिजरीचा चालू आकडा घेतला आणि तिथून पुढं त्याला सूर्याबरोबर चालवलं. सुहूरचा आणि हिजरीचा आकडा जुळतो तो ७४५ ला, म्हणजे इसवी १३४४ च्या सुमारास, महंमद तुघलकाच्या काळात.

आणि पुढं गंमत बघा. सुहूर सूर्याबरोबर सावकाश चाललाय, हिजरी चंद्राबरोबर पळतोय. १६३६ मध्ये शाहजहाननं दख्खनमध्ये फसली सुरू केली, तीही तशीच, त्या वर्षीचा हिजरी आकडा १०४६ घेतला आणि सूर्याला जोडला, सुरुवात परत मृगाचीच. पण तोवर सुहूर पोचला होता फक्त १०३७ पर्यंत. फरक नऊ वर्षांचा, आणि तो कायमचा तसाच राहिला, कारण दोघंही आता सूर्याबरोबर चालतात. म्हणून १६७४ मध्ये सुहूर १०७५, फसली १०८४, आणि ज्याच्यापासून दोघं निघाले तो हिजरी त्यांच्याही पुढं १०८५. तिघांचं मूळ एकच, पैगंबरांचं मक्केहून मदिनेला जाणं, ६२२ साल. बंगालचा सन पण असाच, अकबराच्या वेळी हिजरी ९६३ वरून सूर्यावर आणलेला, १६७४ ला तो होता १०८१. चार आकडे, मूळ एक, आणि कोणत्या साली कोणी चंद्र सोडून सूर्य धरला एवढ्यावरून ते वेगळे झाले. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी वहीत चारही ओळी आखून तासन्‌तास बघत बसलो होतो.

आता जुन्या पत्राची तारखेची ओळ जवळून बघू. अशी असते: "छ ५ रबिलावल, सुहूर सन खमस सबैन व अलफ". छ म्हणजे चंद्राचा दिवस, तो हिजरी महिन्याचा. रबिलावल हा हिजरीचा तिसरा महिना. पण साल सुहूर. म्हणजे दिवस-महिना चंद्राचा आणि वर्ष सूर्याचं, एकाच ओळीत. (ही ओळ मी समजावण्यासाठी लिहिलीये, एखाद्या विशिष्ट पत्रातली नाही.) आता इथं खाचखळगा आहे. मृगापासून मृगापर्यंत ३६५ दिवस, हिजरीचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, उरले ११ दिवस. त्या ११ दिवसांत सालाच्या सुरुवातीला येऊन गेलेल्या तारखा शेवटी परत येतात. खमस सबैन मध्ये नेमकं रबिलावलचंच तसं झालंय, सन लागल्या लागल्या जून १६७४ मध्ये एकदा ५ रबिलावल आली आणि सन संपायच्या आधी १६७५ मध्ये परत ५ रबिलावल आली, त्याच सुहूर सनात. पत्रात वार असेल तर सुटका, नाहीतर मजकुरावरून ठरवायचं, पावसाळा आलाय की जायचाय, कोण कुठं आहे, कोणता किल्ला कोणाकडे आहे. जुन्या अभ्यासकांनी जंत्र्या केल्या, खरे जंत्रीसारख्या, एकेका दिवसाला सगळ्या गणना समोरासमोर मांडून, तेही कॉम्प्युटर नसताना. त्या माणसांना माझा मनापासून दंडवत आहे.

राज्याभिषेक शक सुरू झाल्यावर पत्रांच्या माथ्यावर "राज्याभिषेक शके १ आनंदनाम संवत्सरे" असं यायला लागलं, आणि ते साल गुढीपाडव्याला नाही तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाच बदलायचं. स्वतःचा शक सुरू करणं म्हणजे आम्ही कोणाचे मांडलिक नाही हे काळावर लिहून ठेवणं, औरंगजेबाचं जुलूस १७ चालू असताना इथं १ लिहिला गेला, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण सुहूर बंद झाला नाही. गावपातळीच्या कारभाराला, साऱ्याला, कुलकर्ण्याच्या हिशेबाला तोच सवयीचा होता आणि पेशवाई संपेपर्यंत तो चालला. आणि आश्विन शुद्ध पंचमीला निश्चलपुरी गोसाव्यांकडून दुसरा, तांत्रिक राज्याभिषेक झाला त्यामुळे शकाचा आकडा काही बदलला नाही, तो त्रयोदशीपासूनच.

ऋतूचा विचार केला तर अजून एक गोष्ट कळते. मृग आज ७-८ जूनला लागतो. पण आपली नक्षत्रं आणि इंग्रजी कॅलेंडर यांच्यात साधारण ७० वर्षांत एक दिवसाचा फरक पडत जातो, त्यामुळे १६७४ मध्ये मृग आजच्या कॅलेंडरनं ३ जूनच्या आसपास लागलेला, आणि राज्याभिषेक आजच्या कॅलेंडरनं १६ जून. म्हणजे महाराज सिंहासनावर बसले तेव्हा मृग लागून पंधरवडा होत आला होता. आज ६ जूनला गड चढतो तेव्हा मृग लागलेलाही नसतो. ऋतूनं मोजलं तर वर्धापनदिन १६ जून, नक्षत्रानं मोजलं तर २० जूनच्या आसपास, चंद्रानं मोजलं तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, आणि ऑक्झिंडनच्या रोजनिशीतल्या आकड्यानं मोजलं तर ६ जून. आपण इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरचा आकडा उचलून नव्या कॅलेंडरवर ठेवलाय एवढंच. त्यात वाईट काही नाही, मी दोन्ही दिवशी नमस्कार करतो, पण ६ जून "शास्त्रशुद्ध" आणि तिथी "जुनाट" असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही, कारण त्या पहाटेच्या आकाशाशी प्रत्यक्ष जोडलेली तिथीच आहे.

हेच पानिपतचं. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. ही तारीख १७५२ नंतरची म्हणून इंग्रजांचीही नव्या कॅलेंडरमधली, तिथं दहा दिवसांचा प्रश्न नाही. पण लोक सर्रास लिहितात की त्या दिवशी संक्रांत होती. नव्हती. संक्रांतही सूर्याच्या नक्षत्रांवर चालते आणि तशीच सरकत आलीये. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३, त्या दिवशी मकरसंक्रांत होती हे सगळ्यांना माहितीये. त्याच्या शंभर वर्षं आधी ती अजून मागं, १० जानेवारीच्या आसपास. पानिपतच्या रणावर त्या बुधवारी संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते.

हे सगळं फक्त राजामहाराजांचं आहे असं समजू नका. आमचं मूळ मराठवाड्यातलं, तिकडं जमिनीच्या जुन्या कागदांवर फसली सन असतो, निजामाच्या राज्यात तो शेवटपर्यंत चालला, फक्त तिथं साल मृगाला नाही तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यात बदलायचं. हैदराबाद मुक्त झालं ते १७ सप्टेंबर १९४८, शके १८७०, फसली १३५७. आमच्या आजोबांची पिढी जन्मसाल फसलीतच सांगायची आणि शाळेच्या दाखल्यावर कोणीतरी अंदाजानं इसवी टाकलेलं असायचं. ५९० मिळवायचे की ५९१ यावर वय एका वर्षानं इकडं तिकडं होतं, महिना माहीत असेल तर कळतं. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर ५९०, जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत असेल तर ५९१.

तर आता ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांना एक विनंती. फोटो काढून ग्रुपवर टाकताना मजकुराचा काढता आणि तारखेची ओळ कापली जाते, किंवा कोणीतरी आधीच इसवी सन काढून पेन्सिलनं वर लिहिलेला असतो आणि मूळ ओळ कोणी बघतच नाही. प्लीज असं करू नका. मूळ ओळ जशीच्या तशी घ्या, "छ"चा आकडा, हिजरी महिना, सुहूर किंवा फसली सनाचे शब्द, शके आणि संवत्सर असेल तर ते, आणि वार असेल तर वार सगळ्यात आधी. इसवीचा आकडा टाकायचाच असेल तर शेजारी टाका आणि जुन्या पद्धतीचा की नव्या पद्धतीचा तेही लिहा. वाचता नाही आलं तर खाली कमेंटमध्ये फोटो टाका, मी आणि माझ्या मोडी वर्गातले दोघं-तिघं मिळून बघू, जंत्री समोर ठेवून लावून देऊ.